वाढपी कधी जेवतात?

उल्हासनगरच्या माणसाला ‘कॅम्प’ हा शब्द परका नाही. आमचा पत्ताच मुळी कॅम्प ५. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी उभी राहिली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिलं. नाव बदललं, पण जिभेवरचा कॅम्प काही गेला नाही. आजही रिक्षावाला ‘कॅम्प तीन, चार की पाच?’ असंच विचारतो आणि पत्त्यात बॅरेक नंबर लिहावा लागतो.

माझे अब्बा माणगाव तालुक्यातलं गाव सोडून इथे शिलाईकामासाठी आले. माझा जन्म कॅम्प ५ मधलाच. २००७ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी मी दुबईला गेलो आणि पोहोचल्यावर कॉलिंग कार्डावरून घरी पहिला फोन केला. म्हणालो, “अम्मी, मी कॅम्पात पोहोचलो.” ती म्हणाली, “कॅम्पातून निघालास आणि कॅम्पातच गेलास? मग तिकिटाला एवढे पैसे कशाला घातले?”

तो कॅम्प होता सोनापूरचा. दुबईच्या कडेला मुहैसना भागात कामगारांच्या निवासाची ही मोठी वस्ती आहे. सोनापूर हे तिचं सरकारी नाव नव्हे, आपल्याकडच्या माणसांनी दिलेलं. सोन्याचं गाव! एका खोलीत वर-खाली आठ खाटा, प्रत्येकाच्या उशाशी एक पत्र्याचं कपाट आणि त्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेले घरचे फोटो. आमची कंपनी इमारतींच्या एसीची आणि नळकामाची देखभाल करायची. सुमारे चारशे माणसं होती. मी आधी स्टोअरमध्ये हेल्पर होतो, पुढे स्टोअरकीपर झालो. २०१६ पर्यंत, म्हणजे नऊ वर्षं तिथे काढली.

गावी आल्यावर लोक विचारतात, दुबईत काय पाहिलंस? त्यांना बुर्ज खलिफाचं वर्णन हवं असतं. ती इमारत ४ जानेवारी २०१० रोजी खुली झाली आणि आम्ही ती पाहिली ती बहुतेक वेळा कंपनीच्या बसच्या खिडकीतून. मला मात्र त्या देशाविषयी बोलायला लागलं की कंपनीची वार्षिक पिकनिक आठवते. वर्षातला तो एक दिवस होता, ज्या दिवशी चारशे माणसं एकमेकांना अंगावरच्या स्वतःच्या कपड्यांत पाहायची.

हे वाक्य वाचायला साधं वाटेल, पण ज्यांच्या घरातलं कुणी आखातात आहे त्यांना ते कळेल. शनिवार ते गुरुवार सगळे निळ्या डांगरीत. पाठीवर कंपनीचं नाव, छातीवर नंबर. माणूस नंबरानेच ओळखला जायचा. पिकनिकच्या आदल्या रात्री इस्त्रीसाठी रांग लागायची. पेशावरचा ड्रायव्हर पांढराशुभ्र सलवार-कमीज काढायचा, नेपाळी पोरं डोक्यावर टोपी घालायची, केरळचे लोक काठाचं मुंडू नेसायचे, आणि आमच्या खोलीतला सोलापूरचा प्लंबर लग्नातला शर्ट घालून विचारायचा, “भाऊ, बरा दिसतोय का?” अत्तराची एक बाटली पूर्ण खोलीला पुरायची.

पिकनिक नेहमी थंडीत, डिसेंबर किंवा जानेवारीत असायची. उन्हाळ्यात तिथे बाहेर बसण्याचा प्रश्नच येत नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला सरकारचीच बंदी असते. वार शुक्रवार ठरलेला, कारण तेव्हा साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची होती. आता २०२२ पासून तिथल्या सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असतं.

माझी पहिली पिकनिक जानेवारी २००८ मधली, दुबई आणि शारजाच्या सीमेवरच्या अल ममझर बागेत. समुद्रकिनारा, खजुराची झाडं, हिरवळ. सकाळी सात वाजता बसगाड्या सुटल्या. रस्सीखेच झाली, स्टोअर विरुद्ध साइट. लिंबू-चमचा झाला. टेनिसच्या चेंडूला टेप गुंडाळून क्रिकेट झालं, त्यात भारत-पाकिस्तान एकाच संघात आणि समोर अकाउंट्सवाले. जुम्याला जवळच्या मशिदीत गेलो. तेवढ्या वेळात निखाऱ्यांवर आणि सामानावर सोलापूरकर, नेपाळी आणि गोव्याचे ख्रिस्ती सोबती लक्ष ठेवून बसले. नमाजनंतर जेवण, आणि शेवटी सोडत. पहिलं बक्षीस घरी जाण्या-येण्याचं विमानाचं तिकीट. त्यानंतर टीव्ही, ब्लँकेट, इस्त्री, मिक्सर. तिकिटाचा नंबर पुकारताना एवढी शांतता पसरायची की लाटांचा आवाज ऐकू यायचा. त्या वर्षी सोलापूरकराला मिक्सर लागला. कॅम्पाच्या खोलीत मिक्सर वापरायला परवानगी नव्हती. त्याने तो सहा महिने कपाटात कपड्यांखाली सांभाळला आणि मग कार्गोने घरी पाठवला.

एका सुपरवायझरकडे डिजिटल कॅमेरा होता. त्याने सर्वांचा एकत्र फोटो काढला. मी त्याची प्रत काढून घेतली आणि सुट्टीवर निघालेल्या अंबरनाथच्या एका ओळखीच्या हाती घरी धाडली.

तो फोटो आमच्या बॅरेकमध्ये आठवडाभर फिरला. शेजारची सिंधी आंटी म्हणाली, “मुलगा तर ऐश करतोय!” अब्बांनी समुद्र पाहिला. धाकट्या भावाने गॉगल पाहिला. अम्मीने फोटो उजेडात धरला आणि शुक्रवारी फोनवर मला विचारलं, “मागे तीन माणसं उभी आहेत. एकाच्या हातात झारा आहे. त्यांनी कधी खाल्लं?”

मी म्हणालो, “अम्मी, ते मेसचे आचारी आहेत.”

“ते समजलं मला. त्यांनी कधी खाल्लं, ते विचारतेय.”

माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. पुढच्या वर्षी मात्र मी घड्याळ पाहिलं. आचारी पहाटे दोनला उठले होते. कण्णूरचे एक वयस्क गृहस्थ त्यांचे मुख्य. मलबारचे मुसलमान थोरल्या भावाला ‘इक्का’ म्हणतात, म्हणून सगळा कॅम्प त्यांना इक्काच म्हणायचा. त्यांची बिर्याणी आपल्या लांब बासमतीची नसे. आखूड, सुवासिक दाण्याचा कैमा तांदूळ, वर तळलेला कांदा, काजू आणि मनुका. पिकनिकच्या जागी पोहोचल्यावर निखारे पेटवायचे, कोंबडी भाजायची, देगी उघडायच्या, आणि मग चारशे ताटं वाढायची. आधी साहेबलोकांची टेबलं, मग ऑफिस, मग सुपरवायझर, मग आम्ही. इक्का आणि त्यांचे पाच जण जेवायला बसले तेव्हा साडेतीन वाजून गेले होते, अस्रची वेळ जवळ आली होती. देगीच्या तळाला जे राहिलं होतं तेच त्यांच्या वाट्याला आलं. तेही उकिडवं बसून, बसच्या सावलीत. चार वाजता सोडत सुरू झाली तेव्हा ते भांडी घासत होते.

यात कुणी दुष्ट नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. कुणी त्यांना जेवू नका म्हटलं नव्हतं. रीतच तशी होती आणि तशी रीत जगात सगळीकडे आहे. खटकत होती ती दुसरी गोष्ट. दीड तासापूर्वी आम्ही सर्व एकाच सफमध्ये उभे होतो. मॅनेजरच्या खांद्याला इक्काचा खांदा लागला होता. मशिदीतून बाहेर पडून शंभर पावलं चाललो आणि कोण आधी, कोण नंतर, हे पुन्हा जागच्या जागी बसलं.

सहीह बुखारीत हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. तिचा आशय असा आहे की, तुमचा खादिम तुमच्यासाठी जेवण घेऊन आला तर त्याला आपल्यासोबत बसवावं. ते होत नसेल तर निदान घासभर, दोन घास त्याच्या हाती द्यावेत, कारण त्या अन्नाची धग आणि रांधण्याचे कष्ट त्याने सोसलेले असतात. मला या हदीसमधला कारणाचा भाग फार मोलाचा वाटतो. गरीब आहे म्हणून द्या, असं तिथे म्हटलेलं नाही. धग त्याने सोसली आहे, म्हणून त्या अन्नावर त्याचा हक्क आहे. खैरात आणि हक्क यांत फरक आहे. पिकनिकला इक्कांना जेवण मिळत होतंच. मिळत नव्हता तो त्यांच्या हक्काचा गरम घास.

२०११ च्या शेवटी पिकनिकच्या कमिटीवर माझं नाव आलं. स्टोअरकीपर म्हणून ताटं, चटया, पाण्याची खोकी यांचा हिशेब माझ्याकडे होता. जागा ठरली खोरफक्कान. बैठकीत मी म्हटलं की, यंदा आचाऱ्यांची पहिली पंगत बसवू आणि त्यांना ऑफिसच्या माणसांनी वाढावं.

अकाउंट्सवाल्याने विचारलं, “म्हणजे जेवण बाहेरून मागवायचं? चारशे माणसांचं?”

मी म्हटलं, “जेवण इक्काच करतील. एक दिरहमही वाढणार नाही. फक्त क्रम बदलायचा.”

एक सुपरवायझर उसळला. “साहेबांच्या हातात झारा देणार? आणि उद्या साइटवर माझं कोण ऐकेल?” तो माणूस वाईट नव्हता. वीस वर्षं घाम गाळून हेल्परचा सुपरवायझर झाला होता, आणि मिळवलेली ती एक पायरी आपल्या पायाखालून सरकेल याची त्याला भीती होती. ॲडमिनच्या माणसाने मला बाजूला घेऊन सांगितलं, “तुझा करार मार्चमध्ये संपतोय. स्टोअर बघ, बाकीच्यात कशाला पडतोस?” हे ऐकून पोटात गोळा आला. २०१० मध्ये माझं लग्न झालं होतं, मुलगी सहा महिन्यांची होती, आणि दर महिन्याला जाणाऱ्या पैशांवर कॅम्प ५ मधलं घर चालत होतं. तरी मी मॅनेजरच्या केबिनचं दार वाजवलं.

तो जॉर्डनचा इंजिनिअर होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न केला, “किती वेळ लागेल?”

“वीस मिनिटं, सर.”

“मग कर.” थोडं थांबून म्हणाला, “आमच्या घरी पाहुणा जेवेपर्यंत वडील उभे राहायचे.”

२० जानेवारी २०१२, शुक्रवार. दुबईहून खोरफक्कानला जाणारा तेव्हाचा रस्ता धैद, मसाफी असा हजरच्या डोंगरातून जायचा. गवताचं पातं नसलेले तपकिरी डोंगर, आणि मसाफीच्या अलीकडे तो ‘जुमा बाजार’, ज्याचं नाव जुम्याचं असलं तरी दुकानं सातही दिवस उघडी असतात. डोंगर उतरला की एकदम निळा समुद्र. हा किनारा दुबईसारखा इराणच्या आखातावर नाही, ओमानच्या आखातावर आहे. तेच पाणी पुढे अरबी समुद्राला मिळतं आणि आपल्या श्रीवर्धन-मुरुडला लागतं. आमच्यातले कोकणातले चार-पाच जण बसमधून उतरून सरळ पाण्यात घोट्यापर्यंत जाऊन उभे राहिले. येताना बसने बिदियाच्या मशिदीलाही थांबा घेतला. दगड-मातीची, चार बुटक्या घुमटांची ही छोटी मशीद काही शतकं जुनी आहे आणि त्या देशातल्या सर्वांत जुन्या मशिदींत गणली जाते. आत जेमतेम पन्नासेक माणसं मावतील. तिथे दोन रकात पढून पुढे निघालो.

जुम्यानंतर दस्तरखान अंथरलं. मॅनेजरने बाह्या वर केल्या. अकाउंट्सवाल्याने कोशिंबिरीचं भांडं उचललं. इक्कांना बोलावलं तर ते म्हणाले, “आधी देग बघतो.” दुसऱ्यांदा बोलावलं तर म्हणाले, “पाणी भरतो.” तिसऱ्या वेळी मी त्यांचा हात धरून आणलं. ते दस्तरखानाच्या अगदी टोकाला, कधीही उठता येईल असे बसले. हळू आवाजात म्हणाले, “कुणी वाढलेलं खायची सवय गेली आता.” मॅनेजरने त्यांच्या ताटात बिर्याणी वाढली. वाफ निघत होती. इक्कांनी बिस्मिल्लाह म्हणून घास घेतला, सावकाश चावला आणि कपाळाला आठी घातली.

“मीठ कमी आहे.”

सगळे हसले. ते मात्र हसले नाहीत. म्हणाले, “उभ्याने चाखणं वेगळं आणि बसून जेवणं वेगळं. गरम खाल्ल्याशिवाय मीठ कळत नाही.” ताट संपवून ते उठले आणि उरलेल्या देगींचं मीठ त्यांनी दुरुस्त केलं. त्या वर्षीची बिर्याणी आधीच्या सर्व वर्षांपेक्षा चांगली होती, हे मी एकटाच म्हणत नाही.

मग मॅनेजर दुसऱ्या पंगतीत वाढत सोलापूरकरापर्यंत आला. तो माझ्याकडे वळून पुटपुटला, “भाऊ, लवकर फोटो काढ. घरी सांगितलं तर बायको खोटं म्हणेल.” आणि तो सुपरवायझर? तोही शेवटी रायत्याची बादली घेऊन फिरला. शनिवारी साइटवर त्याचं कुणी ऐकलं नाही, असं काही झालं नाही. उलट त्याच्या हाताखालचा एक पोरगा म्हणाला की, उस्तादने काल दोनदा विचारून रायता वाढला. मार्चमध्ये माझा करारही नेहमीसारखा वाढवून मिळाला.

ही रीत पुढे दोन वर्षं टिकली. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरला. मी गेलो तेव्हा एका दिरहमला साधारण ११ रुपये मिळत, ते १८ च्या पुढे गेले. एक्स्चेंजसमोर रांगा लागल्या आणि त्या हिवाळ्यातल्या पिकनिकमध्ये क्रिकेटपेक्षा दराचीच चर्चा जास्त झाली. कुणाच्या घराचा स्लॅब पडला, कुणाच्या बहिणीचं लग्न ठरलं. पण जून २०१४ मध्ये शंभर डॉलरच्या वर असलेलं खनिज तेलाचं पिंप जानेवारी २०१६ मध्ये तीस डॉलरच्या खाली आलं. कामं कमी झाली, मॅनेजर बदलला, आणि पिकनिकची नोटीस लागली तेव्हा तिच्यात लिहिलं होतं, ‘फक्त स्टाफसाठी’.

आखातातल्या कंपन्यांत ‘स्टाफ’ आणि ‘लेबर’ हे दोन वेगळे शब्द आहेत, हे इथल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. दोघांचा पगार, जेवणाची खोली, बस, पुष्कळदा विमानाच्या तिकिटाचा हिशेबही वेगळा. आधी नोटिशीवर ‘स्टाफ पिकनिक’ असायचं आणि त्यात सगळे धरले जायचे. आता त्या शब्दाचा खरा अर्थ वापरला गेला. यादीत माझं नाव होतं. सोलापूरकराचं आणि इक्कांचं नव्हतं. त्या शुक्रवारी मी कॅम्पातच राहिलो. मेसमध्ये वरण-भात आणि तळलेला बांगडा होता. वीस-पंचवीस जण होतो. वाढून झाल्यावर पाहिलं तर इक्का आमच्याबरोबरच बसले होते, पुढ्यात भरलेलं ताट घेऊन. कुणी बोलवावं लागलं नव्हतं. त्याच वर्षी मे महिन्यात मी दुबई कायमची सोडली.

आता मी कॅम्प ५ मधल्याच एका जीन्स शिवणाऱ्या कारखान्यात स्टोअर आणि माल पाठवण्याचं काम बघतो. उल्हासनगरची जीन्स देशभर जाते. वालधुनी नदीच्या प्रदूषणाच्या प्रश्नावरून इथले जीन्स धुणारे बरेच कारखाने बंद झाले, पण शिलाई, कटिंग, बटण लावणं ही कामं गल्लीगल्लीत चालूच आहेत. आमचे कारागीर उत्तर प्रदेश, बिहार, बंगालचे. खाली मशिनी, वर पोटमाळा. पोटमाळ्यावर ओळीने अंथरुणं, खिळ्याला अडकवलेल्या पिशव्या. भिंतीवरच्या फोटोंऐवजी आता मोबाइलमधले फोटो आहेत, एवढाच बदल. त्या पोरांच्या बोलण्यात ‘गाव’ हा शब्द जसा येतो, तसाच आमच्या बोलण्यात सोनापूरला ‘इंडिया’ हा शब्द यायचा. परदेशात जायला दर वेळी समुद्र ओलांडावा लागत नाही. कटिहारहून कल्याणला उतरलेल्या अठरा वर्षांच्या मुलासाठी कॅम्प ५ हाच परदेश आहे, आणि तिथले कफील, कॅम्प बॉस, मॅनेजर सगळं काही आपण आहोत.

दोन वर्षांपूर्वी मी सेठकडे पिकनिकचा विषय काढला. पोरांना पावसाळ्यात कोंडेश्वरला जायचं होतं. पण तिथल्या कुंडात बुडून जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचत असतो. परक्याचं मूल सोबत नेताना आधी त्याच्या आईचा विचार करावा लागतो. म्हणून थंडीतला शुक्रवार ठरवला, कारण आमच्या कारखान्याला सुट्टी शुक्रवारचीच, आणि बदलापूरच्या पुढे बारवी धरणाच्या रस्त्यावरचं एक शेतघर घेतलं. दोन टेम्पो, पस्तीस माणसं. सेठला क्रमाचं सांगितलं तर तेही दुबईच्या अकाउंट्सवाल्यासारखंच म्हणाले, “खर्च वाढणार नसेल तर करा.” स्वयंपाक करणारा मालद्याचा कारागीर आणि त्याचे दोन मदतनीस पहिल्या पंगतीला बसले. सेठच्या मुलाने वाढलं. बाकीचे वाट बघत होते आणि हसत होते. जेवण झाल्यावर प्रत्येकाने घरी व्हिडिओ कॉल लावला. एका पोराची आई पलीकडून म्हणाली, “सगळ्यांना दाखव.” मोबाइल सर्वांच्या तोंडावरून फिरला, आणि तिने प्रत्येकाला सलाम केला.

आता अम्मीच्या प्रश्नाविषयी. फोटोत समुद्र असताना तिचं लक्ष झाऱ्याकडेच का गेलं, हे मी तिला पुढे एकदा विचारलं. ती म्हणाली, “त्या माणसाचं उभं राहणं ओळखीचं वाटलं.” लहानपणी गावातल्या लग्नात तिची आई रांधायला जायची, ही सोबत असायची. मर्दांची पंगत, मग पाहुण्या बायकांची, मग मुलांची. त्यांची पाळी अस्रच्या अजानला यायची. आणि लग्नानंतरही काय वेगळं झालं? ईदच्या दिवशी शीरखुर्मा करणारी बाई स्वतः तो वाटीत घेऊन केव्हा बसते? सगळ्यांची पोटं भरली, भांडी गोळा झाली, मग उभ्या उभ्या, पातेल्यातूनच. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं.

म्हणजे कंपनीच्या पिकनिकला इक्का जिथे उभे होते, तिथेच आपल्या घरोघरी आई, बायको, बहीण उभ्या आहेत. इक्कांना निदान पगार होता. गेल्या काही वर्षांपासून आमच्या घरी एक साधी सोय केली आहे. दावत असली की रांधणाऱ्या बायकांची ताटं आधी भरतात आणि त्या बसून, गरम जेवतात. तोवर वाढण्याचं काम मी, माझा भाऊ आणि पुतणे करतो. पाहुण्यांना दहा-पंधरा मिनिटं सरबतावर थांबावं लागतं. सुरुवातीला एक-दोन वडीलधाऱ्यांना ते आवडलं नाही. आता त्यांच्याच घरच्या बायका माझ्या बायकोला फोन करून विचारतात की, हे जमवलं कसं? जमवायला फार काही लागत नाही. मोठ्या भांड्याचं झाकण उघडलं की पहिली ताटं कुणाची, हे आधी ठरवून ठेवायचं. वाढणाऱ्यांची नावं आदल्या रात्री सांगायची, म्हणजे ऐनवेळी सगळे फोनवर बोलायला बाहेर जात नाहीत. आणि ‘तुम्ही बसा हो, मी नंतर बसते’ हे वाक्य आलं की हात धरून बसवायचं, इक्कांना बसवलं तसं. सवय मोडायला दोन-तीन दावती लागतात. अम्मीला चार लागल्या.

ज्यांची मुलं, भाऊ, शौहर आज दुबई, कुवेत, जेद्दा, मस्कतला आहेत, त्यांच्या मोबाइलवर या थंडीत पिकनिकचे फोटो येतील. समुद्र, खजुराची झाडं, गॉगल. ते पाहून जरूर खूश व्हा, त्यांच्या वर्षातला तो एक मोकळा दिवस असतो. फक्त फोनवर बोलताना एवढंही विचारा की, मागे उभी असलेली माणसं कोण आहेत आणि ती कधी जेवली. माझ्या अम्मीच्या अशा एका प्रश्नाने चारशे माणसांच्या पंगतीचा क्रम काही वर्षं तरी बदलला होता.

आमच्या कारखान्याची यंदाची पिकनिक जानेवारीत आहे, इन्शाअल्लाह. जागा अजून ठरलेली नाही. पोरांचं म्हणणं समुद्र हवा, सेठचं म्हणणं डिझेल महाग आहे. वाढणाऱ्यांची यादी मात्र स्टोअरच्या दारावर लावून झाली आहे.